गोव्याला झेंडा नाही, म्हणून काय झाले?

दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला की शाळेत चित्रकला स्पर्धा होते. गेल्या खेपेस स्पर्धेचा विषय होता ‘आपल्या गोव्याचा झेंडा’. हा विषय आम्हीच दिला होता आणि देताना फारसा विचार केला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

कागद जमा झाले तेव्हा आम्ही थक्क झालो. निम्म्याहून अधिक मुलांनी तिरंगा काढला होता. काहींनी भगवा काढला. सात-आठ जणांनी पांढऱ्या कापडावर मधोमध दिव्याचे बोधचिन्ह काढले होते. घरी संगणकावर असेच चित्र दिसते, असे त्यांचे म्हणणे. एकाने निळ्या समुद्रावर माड आणि होडी काढून खाली ‘गोवा’ असे लिहिले. निकाल लावायच्या वेळी पाचवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, यांतला खरा कुठला?” बाईंनी आमच्याकडे पाहिले, आम्ही बाईंकडे. मग शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीभर चर्चा झाली आणि तिच्यात आमच्यातच दोन तट पडले. त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर पालकांपुढेही ठेवावे, म्हणून हा लेख.

उत्तर सरळ आहे. यांतला गोवा राज्याचा म्हणावा असा झेंडा एकही नाही, कारण गोव्याला राज्य म्हणून स्वतःचा झेंडाच नाही. यात काही उणे आहे असेही नाही. आज भारतातल्या कुठल्याच राज्याला केंद्राने मान्य केलेला वेगळा झेंडा नाही. आपल्या राज्यघटनेत राज्यांच्या झेंड्याची तरतूद नाही. तसा झेंडा असू नये असेही तिच्यात म्हटलेले नाही. जम्मू-काश्मीरचा तेवढा अपवाद होता. तांबड्या कापडावर पांढरा नांगर आणि तीन उभे पांढरे पट्टे असा त्यांचा झेंडा १९५२ साली ठरला आणि २०१९ साली ३७० कलमाखालचा विशेष दर्जा गेला तेव्हा तोही गेला. शेजारच्या कर्नाटकात पिवळा-तांबडा झेंडा १९६० च्या दशकापासून कन्नड चळवळीत वापरला जातो. २०१८ च्या मार्च महिन्यात तिथल्या सरकारने पिवळा, पांढरा, तांबडा आणि मध्ये गंडभेरुंड असा नवा नमुना जाहीर करून केंद्राकडे पाठवला. त्याला मान्यता मिळालेली नाही.

मग मुलांनी काढलेला तो पांढरा झेंडा कुठला? ते आपल्या राज्याचे बोधचिन्ह आहे, कुणीतरी कापडाच्या चित्रावर डकवलेले. बोधचिन्ह आणि झेंडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोधचिन्ह म्हणजे शिक्का. तो सरकारी कागदावर, पाटीवर, दाखल्यावर असतो आणि ‘हा कागद आमचा’ एवढे सांगतो. झेंडा उंच लावायचा असतो आणि त्याच्याखाली माणसे जमायची असतात. हा फरक आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. ज्या कदंबांचे नाव आपली बस मिरवते, त्यांच्या लेखांत सिंहाचे लांछन वेगळे सांगितले आहे आणि वानराचे चिन्ह असलेला ध्वज वेगळा. म्हणजे शिक्का सिंहाचा, झेंडा मारुतीचा. दाखल्यावरचा सिंह त्यांनी काठीला बांधला नाही.

आपल्या राज्याच्या बोधचिन्हावर वृक्षदीप आहे, सोबत अशोकस्तंभाचे सिंह आहेत आणि दिव्याला सांभाळणारे दोन हात आहेत. खाली एक संस्कृत ओळ आहे. सर्वांना चांगले दिवस दिसोत, कुणाच्याही वाट्याला दुःख न येवो, असा तिचा अर्थ. दिवा ज्ञानाचा. वर्षानुवर्षे निकालपत्रावर, शिधापत्रिकेवर हे चिन्ह आपण पाहतो, पण त्या ओळीचा अर्थ दहावीच्या वर्गात विचारला तेव्हा एकच हात वर झाला. झेंडा नाही म्हणून हळहळण्याआधी, जे आहे ते आपण नीट वाचले आहे का, हे स्वतःला विचारलेले बरे.

आता झेंड्यांविषयी. आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांनी झेंडे कमी पाहिले नाहीत.

डिचोली तालुक्यात नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हा कदंबांचा देव. त्याचे मूळ स्थान नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथले देऊळ पाडले आणि देव अलीकडे आणला गेला. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख देवळावर आहे. त्या काळात या भागावर भगवा होता. पुढे सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल आला. १७८१ पासूनच्या काही वर्षांत डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांकडे गेली आणि १७८८ साली पेडणेही गेले. ‘नव्या काबिजादी’ म्हणतात ते हेच महाल. सासष्टी, बार्देश, तिसवाडीवर पोर्तुगिजांचा अंमल साडेचारशे वर्षांच्या आसपास राहिला; आपल्याकडे तो पावणेदोनशे वर्षांचा.

या पावणेदोनशे वर्षांत राज्यकर्ते तेच असूनही झेंडे तीन झाले. १७८८ साली इथे आला तो पांढऱ्या कापडावर मुकुट आणि ढाल असलेला राजाचा बावटा. १८३० मध्ये तो निळा-पांढरा झाला. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही संपली आणि पुढच्या वर्षी हिरवा-तांबडा झेंडा ठरला. मध्ये खलाशांच्या उपयोगाचा आकाशगोल आणि त्यावर ढाल. ढालीत पाच छोट्या निळ्या ढाली आणि सात किल्ले. ते किल्ले त्यांच्या देशातले, लढाया त्यांच्या राजांच्या, समुद्रप्रवास त्यांच्या खलाशांचा. पेडण्यातल्या कुळवाड्याचे त्या कापडावर काहीही नव्हते. १९३५ साली त्यांनी आपल्या वसाहतींना वेगवेगळी राजचिन्हे दिली. आपल्या वाट्याला आले सेंट कॅथरीनचे चक्र, कारण आफोंसो द आल्बुकेर्कने गोवे शहर घेतले तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा होता. म्हणजे आपल्या हरण्याचा दिवसच आपले चिन्ह म्हणून आपल्याला दिला गेला. नवलाची गोष्ट अशी, की गोवा हातचा गेल्यावर १९६० च्या दशकात पोर्तुगालात प्रत्येक वसाहतीसाठी वेगळ्या झेंड्याचे नमुने काढले गेले आणि त्यांत ‘पोर्तुगीज भारता’साठीही एक होता. तो कधीच कुठे फडकला नाही. राज्यकर्त्यांनी खास आपल्यासाठी झेंडा आखला, तो राज्य गेल्यावर.

झेंडा माणसे जोडतो तशी तोडतोही, हेही गोव्याला ठाऊक आहे. ज्या दिवाडीवरून सप्तकोटेश्वर नार्व्याला आला, त्याच बेटावर दर ऑगस्टात बोंदेराचा उत्सव होतो. हे नाव ‘बांदेरा’ या झेंड्याच्या पोर्तुगीज शब्दावरून आले. दोन वाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या होत, म्हणून सरकारने सीमेवर झेंडे रोवले आणि लोकांनी चिडून ते पाडायला सुरुवात केली, अशी हकिगत सांगतात. आज त्याची गंमत झाली आहे, मिरवणूक निघते, बांबूच्या नळीतून फळांच्या गोळ्या उडतात. पण मुळात ती शेजाऱ्याशी भांडणाची गोष्ट आहे.

आता पत्रादेवीकडे येऊ. आमच्या मते झेंड्याविषयी पेडणे तालुक्याला जे सांगायचे आहे, ते सगळे तिथे आहे.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची एक तुकडी आपल्याच तालुक्यातल्या तेरेखोल किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा लावला. तो जेमतेम दिवसभर राहिला. मग सगळे पकडले गेले. त्या वेळी इथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हजारो सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी आत शिरले. हातात शस्त्र नव्हते, तिरंगा होता. पोर्तुगीज पोलिसांनी आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे गेली. पत्रादेवीला पंजाबातल्या इस्रू गावचे कर्नैलसिंग बेनिपाल हे नवविवाहित तरुण गेले. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय हातात तिरंगा घेऊन पुढे चालल्या होत्या. त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि पुढे १९५७ साली लोकसभेत निवडून गेल्या. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ त्याच दिवशीच्या सत्याग्रहात गेले.

या नावांकडे आणि गावांकडे पुन्हा एकदा पाहावे. एक गोव्याचा आफोंसो, एक पंजाबचा शीख, एक सागरची बाई, एक उज्जैनचा. यांतल्या बाहेरून आलेल्या कुणाचे पेडण्यात शेत नव्हते, सोयरे नव्हते. इथली भाषा त्यांना येत नव्हती. ‘हा आमच्या राज्याचा झेंडा नाही, हा त्यांच्या राज्याचा प्रश्न’ असे त्यांनी म्हटले असते तर ते पत्रादेवीपर्यंत आलेच नसते. त्यांच्या हातात होता तो झेंडा त्यांचा होता तितकाच आपला होता, म्हणूनच ते आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा पणजीच्या सचिवालयावर जो चढला तो हाच झेंडा. गोव्याला स्वतःचा झेंडा नाही असे कुणी म्हणाले, की आम्हाला पत्रादेवी आठवते. आपल्या जमिनीवर ज्याच्यासाठी रक्त सांडले तो झेंडा आपला नाही, तर मग कुणाचा?

इथपर्यंत आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकमत होते. पुढे मतभेद झाले आणि तेही इथे मांडले पाहिजेत.

आमच्यातल्या काहींचे म्हणणे असे: तिरंगा आहेच, त्याला कोण नाही म्हणतो? पण गोवा झपाट्याने बदलतो आहे. डोंगर कापले जातात, जमिनी विकल्या जातात, पेडण्यात तर २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून दर महिन्याला काही नवे उभे राहते. अशा वेळी ‘आम्ही गोव्याचे’ असे सांगणारी एखादी खूण तिरंग्याखाली, त्याच्यापेक्षा लहान, असली तर बिघडले कुठे? अमेरिकेत प्रत्येक राज्याला झेंडा आहे आणि म्हणून तो देश काही फुटला नाही.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यामागची काळजी खरी आहे आणि ती आम्हालाही वाटते. पण उपाय आम्हाला पटत नाही. झेंड्याने डोंगर राखला जात नाही. डिचोलीचे डोंगर खाणींनी खाल्ले, त्यांच्यावर झेंडा लावला असता तरी यंत्रे थांबली नसती. आणि दुसरे, अधिक अवघड कारण आपल्या मराठी माणसांनी तरी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, हा प्रश्न होता. विलीनीकरणाला चिन्ह होते फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. पेडणे, डिचोली, सत्तरीने फुलाला कौल दिला. आमच्या घरांतल्या मोठ्या माणसांनी फुलावरच शिक्का मारला होता आणि ते लपवण्यासारखे काही नाही. गोव्याने मात्र दोन पाने निवडली, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी. ३४,०२१ मतांचा तो फरक आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आजही तोंडपाठ आहे. एक फूल आणि दोन पाने, एवढीच ती चित्रे. पण त्यांच्यावरून घरे दुभंगली, भाऊ भावाशी बोलेनासे झाले, आणि पुढे १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा होईपर्यंत व नंतरही, मराठी-कोकणीचा वाद त्या चित्रांच्या सावलीत चालला. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. ज्यांनी फूल मागितले आणि ज्यांनी पाने मागितली, ते सगळे त्या दिवशी एकाच राज्याचे नागरिक झाले.

आता कल्पना करा, उद्या राज्याचा झेंडा करायचा ठरला. रंग कुठला घ्यायचा? भगवा घेतला तर शेजारचा पेद्रू म्हणेल, यात मी कुठे? निळा-पांढरा घेतला तर आपण म्हणू, हा कुणाचा ते आम्हाला माहीत आहे. अक्षरे घातली तर कुठल्या भाषेतली, कुठल्या लिपीतली? शिगम्याच्या रोमटामेळात निशाणे नाचतात आणि चर्चच्या फेस्तालाही पताका लागतात. यांतले काय उचलायचे आणि काय टाकायचे? बेळगावात महापालिकेसमोर कुठला झेंडा असावा यावरून कन्नड आणि मराठी संघटनांत झालेले तंटे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेत. तिथे आपले नातेवाईक आहेत. कापडाच्या तुकड्यावरून माणसे कशी रस्त्यावर येतात, हे त्यांना विचारावे. गोव्यात झेंडा निवडणे म्हणजे १९६७ सालचा प्रश्न पुन्हा विचारणे होय: खरा गोंयकार कोण? तो प्रश्न आता आपल्या मुलांपुढे ठेवू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

याउलट दिव्याकडे पाहा. तो कुणाला परका नाही. नार्व्याच्या देवळापुढे दीपस्तंभ आहे. घरात समई आहे. पेद्रूच्या घरी खुरसापुढे मेणबत्ती आहे. दर्ग्यातही दिवा लागतो. बोधचिन्हासाठी वृक्षदीप निवडणाऱ्यांनी फूलही घेतले नाही आणि पानेही घेतली नाहीत, हे आपल्या राज्याचे भाग्य म्हटले पाहिजे. तो काठीला बांधून फडकवता येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. दिवा वाऱ्यापासून जपायचा असतो. म्हणून तर चित्रात दोन हात आहेत.

आणि भगव्याचे काय, असे आमचे काही पालक विचारतील. भगवा आपला आहे. तो देवळावर आहे, पाडव्याला आणि शिवजयंतीला आहे, मनात आहे. पण तो राज्याचा झेंडा म्हणून चित्रात काढणे ही चूक आहे आणि ती चूक मुलांना प्रेमाने सांगितली पाहिजे. पेडण्याच्या दसऱ्याला आणि पुनवेला रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात, रंगीत साड्यांनी सजलेली, उंच. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो. ती तालुक्याची खूण आहे, पण तिला कुणी सरकारी झेंडा करा म्हणत नाही. काही गोष्टी सरकारने मान्य केल्या नाहीत म्हणून लहान होत नाहीत.

मग करायचे काय? आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली. दरवर्षी सातवीच्या मुलांना पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर न्यावे आणि जमले तर त्याच दिवशी तेरेखोल किल्लाही दाखवावा. सहलीची बस महामार्गावरून पत्रादेवीपुढून नेहमी जाते. ती तिथे अर्धा तास थांबावी एवढेच. ज्या माणसांनी तिथे झेंडा धरला, त्यांची नावे मुलांनी मोठ्याने वाचावीत.

दुसरी. झेंडावंदनाच्या आधीच्या आठवड्यात तिरंग्याची माहिती वर्गावर नीट शिकवावी. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तो स्वीकारला, लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, निळ्या चक्राला २४ आरे. २६ जानेवारी २००२ पासून ध्वजसंहिता लागू आहे आणि २०२१ च्या अखेरच्या दुरुस्तीपासून यंत्रावर विणलेला किंवा पॉलिएस्टरचा झेंडाही चालतो. पण संहितेत एक गोष्ट बदललेली नाही: झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही, कागदी झेंडे वापरून फेकायचे नाहीत, फाटलेला झेंडा खाजगीत, मान राखून नष्ट करायचा. १६ ऑगस्टच्या सकाळी शाळेपुढच्या रस्त्यावर काय पडलेले असते, ते आपण सगळे पाहतो. ज्याच्यासाठी पत्रादेवीला माणसे गेली, तो गटारात दिसू नये. हे काम मोठ्या माणसांनी मुलांवर ढकलू नये; गाडीवर झेंडा लावणाऱ्या पालकांनी तो संध्याकाळी उतरवूनही ठेवावा.

तिसरी. राज्याचे बोधचिन्ह आणि त्याखालच्या ओळीचा अर्थ शाळेच्या फलकावर मराठीत लिहावा. मुलांनी तो पाठ न करता समजून घ्यावा. कुणाच्याही वाट्याला दुःख न येवो, यातला ‘कुणाच्याही’ हा शब्द फार मोठा आहे. त्यात फुलावर शिक्का मारणारे आले, पानांवर मारणारे आले, आणि काल गोव्यात राहायला आलेलेही आले.

चित्रकला स्पर्धेचा निकाल आम्ही रद्द केला, कारण चूक विषयात होती, मुलांत नव्हती. सगळे कागद परत दिले. यंदा विषय ठेवला आहे ‘पत्रादेवी’. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती आता सहावीत आहे. तिला आम्ही उत्तर सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे आपला झेंडा तिरंगाच ना?” आम्ही हो म्हटले. “मग मी बरोबर काढला होता,” असे म्हणून ती खेळायला पळाली.